शेवटच्या रिळापर्यंत जिवंत

तुम्हीच मारलंत त्याला, हॉलिवूडवाल्यांनो. नाही म्हणू नका, लॉस एंजेलिसच्या अख्ख्या चायनाटाउनने बघितलंय. गोळी घातलीत, नदीत ढकललंत, हत्तीच्या पायाखाली दिलंत. एका चित्रपटात तर दोनदा मारलंत, आधी मिशीसकट आणि मग मिशीशिवाय. माणूस तोच आहे हे तुमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. पडद्यावर नाव मात्र कधी दिलं नाहीत. सीतो केंग. घ्या, पाठ करा.

तो केंग आज रविवारी दुपारी थिएटरात आईशेजारी बसलाय आणि घामाने निथळतोय.

आई पहिल्यांदाच आलीय. पोटच्या पोराला मरताना बघायला कोण येईल? पडद्यावर मेलं तरी आयुष्य झिजतंच, असं तिचं म्हणणं. नवा चित्रपट लागला, त्यात केंग मेल्याचं कानावर आलं, की ती त्याला पपनसाच्या पानांच्या पाण्याने न्हाऊ घालते, अपशकुन उतरावा म्हणून. शेजाऱ्यांच्या झाडाला पानं उरली नाहीत. या खेपेला केंग म्हणाला, "आई, तुझी शपथ, यात मी मरत नाही." म्हणून ती ठेवणीतला रेशमी अंगरखा घालून आली. "खोटं निघालं, तर कॅमेऱ्यापुढे उभं राहणं सुटलं," तिनेही बजावलं. "बापाच्या दुकानात बसायचं आणि औषधी मुळ्या कुटायच्या. कायमच्या."

पडद्यावर चिनी सरदार आला. सरदार अर्थातच तुमच्यातला गोरा, डोळ्यांच्या कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला.

"सरदार, जोरात हसू नका, पट्टी सुटेल!" कुणीतरी ओरडलं. कलिंगडाच्या बिया फोडणाऱ्या तोंडांतून हशा उसळला. सरदाराच्या मागे निळ्या कोटातला नोकर कंदील धरून उभा होता. तो केंग.

"हा किल्ल्यावर मरतो म्हणे ना?" आईने विचारलं.

"नोकर मरतो. मी नाही."

"म्हणजे?"

"बघ तू."

मागच्या रांगेतून याउ पुढे वाकला. याउची लाँड्री आहे. सुट्टीच्या दिवशी तो स्टुडिओत गर्दीत उभा राहायला जातो. "अरे, मरतोय मी आणि घाम तुला?"

"त्यांनी माझं जुनं मरण आणून चिकटवलं असलं तर?" केंग कुजबुजला. भीती खोटी नव्हती. एकदा मेलेला चिनी तुम्ही तीन-तीन चित्रपटांत वापरता. "किल्ल्याच्या शूटिंगच्या दिवशी तू बोलला का नाहीस? कोट माझा होता."

"स्टुडिओतल्या साहेबाने आणून माझ्या अंगात घातला. त्याला तू काय नि मी काय! म्हटलं, मला कुठे आई बसलीय आंघोळ घालायला? मरू एकदा. तूही गुपचूप माझी नावाड्याची टोपी घातलीसच की."

किल्ल्याची भिंत आली. बिया फोडणं थांबलं. आईने केंगचं मनगट गच्च धरलं. बाण सुटला. निळा कोट तटावरून कोलमडला, गडगडत खाली आला आणि मरता मरता कॅमेऱ्याकडे तोंड करून आडवा झाला.

"अरे, हा तर याउ!"

थिएटरचं छप्पर उडायचं बाकी राहिलं.

"याउ, माझा सदरा दे आधी, मग मर!"

"मंगळवारी ने!" याउ बाकावर चढून ओरडला. "मेलेल्या माणसाला घाई करू नये!"

आई हसली नाही. तिचे डोळे पडद्यावरच. अजून शेवट यायचा होता, आणि तुमचा काय भरवसा?

शेवट आला. बंदराचा धक्का, ऊन, समुद्र. तुमचा नायक तुमच्या नायिकेला मिठीत घेऊन चुंबत होता आणि त्यांच्यामागे होडीत, वल्हं हातात घेऊन, टोपी मागे सारून, केंग उभा होता. धडधाकट. होडी लांब गेली, इवलीशी झाली, पडदा पांढरा पडला, तरी केंग मेला नव्हता.

"जिवंत! केंग जिवंत!" माणसं बाकांवर चढली. बिया उडाल्या, टोप्या उडाल्या. कुणीतरी वर जाऊन ऑपरेटरला धरलं, "फिरव मागे!" रीळ पुन्हा लागलं. केंग पुन्हा जगला. आईने शेजारी बसलेल्या आपल्या पोराचा गाल चिमटीत धरला, पडद्यावरचं तोंड बघितलं, हातातलं बघितलं, आणि मग हसली. अशी हसली, की केंगला रडू आलं.

दारापाशी तुमचा माणूस उभा होता. लोकांना चित्रपट कसा वाटतो ते बघायला पाठवलेला. मरणाला ही माणसं हसतात काय, चुंबन सोडून नावाड्यासाठी नाचतात काय! त्याला काही उमगेना. आई गर्दी सारत थेट त्याच्याकडे गेली आणि तिने त्याची बाही धरली.

"केंग, इकडे ये. मी बोलते ते याला याच्या भाषेत सांग."

"आई, सोड. काम जाईल माझं."

"जाईल तर जाईल. सांग. तुमचा पोरगा पोरगी घेऊन गेला, सुखाने नांदो. माझा वल्हं मारत राहिला. आता एवढा जगवलात, तर पुढच्या चित्रपटात त्याला बायको देता की नाही?"

केंगने एकदा आईकडे बघितलं. मग त्या माणसाच्या डोळ्यांत बघून, एकही शब्द न गाळता, सगळं इंग्रजीत सांगितलं. तुमच्यापुढे आजवर त्याला बोलायला मिळालेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

म्हातारीने बाही सोडलेली नाही.

बोला. देता की नाही?