खालचं भिंग

ओल्या पंच्यात गुंडाळलेला कॅमेरा सलाउद्दीनभाईंनी कोंडाजींच्या हातात दिला, पण स्वतःचा हात लगेच काढून घेतला नाही.

"याला काही करायचं नाही, मास्तर. फक्त माठाशेजारी ठेवायचा. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचं. गारवा लागतो त्याला."

कोंडाजी कधीच मास्तर नव्हते. त्यांची सारी नोकरी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेली होती. पण चष्मा, छत्री आणि खालचा आवाज बघून सलाउद्दीनभाईंनी पहिल्याच भेटीत ही पदवी देऊन टाकली आणि ती नाकारणं काही कोंडाजींना जमलं नाही.

भद्रकालीतल्या स्टुडिओचं छप्पर गळत होतं. ते दुरुस्त होईपर्यंत सलाउद्दीनभाई मालेगावला बहिणीकडे राहणार होते. कॅमेरा ठेवायचा कुणाकडे, तर जुने कॅमेरे जमवणारा आणि पोटच्या पोरांसारखे जपणारा हा एकच माणूस त्यांच्या ओळखीचा.

कॅमेरा जुना जर्मन, दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. शहाण्णव साल होतं. नाशकात रंगीत फोटोंचे स्टुडिओ गल्लोगल्ली झाले होते. तरी लग्नाच्या मुलीचा फोटो म्हटलं की आया सलाउद्दीनभाईंचाच जिना चढायच्या. फोटो कृष्णधवल, जरासा धूसर. पण मुलीच्या चेहऱ्यावर असं काही चांदणं उतरायचं की मुलाकडून बोलावणं आल्याशिवाय राहत नसे.

कोंडाजींच्या मुलीचा, छायाचा, फोटो मात्र अजून तिथे निघाला नव्हता. लहानपणीच्या कांजिण्यांचे व्रण तिच्या गालांवर राहिले होते. रंगीत फोटो तीनदा तीन गावांना गेला आणि तीनदा परत आला. आता मनमाडचं स्थळ होतं, मुलगा रेल्वेत. त्यांनी फोटो मागवला होता. मालेगावहून आल्यावर पहिलं काम छायाबेटीचं, असा शब्द सलाउद्दीनभाईंनी दिला होता.

कॅमेरा घरी आला. कोंडाजींनी सांगितल्याप्रमाणे तो माठाशेजारी ठेवला खरा, पण जेवताना त्यांचं लक्ष तिकडेच. भिंगाला ओल म्हणजे लाकडाला वाळवी. त्यांचे स्वतःचे कॅमेरे काचेच्या कपाटात होते आणि आत ओल धरू नये म्हणून एक बारका बल्ब सतत जळत असे. "आम्ही अंधारात आणि कॅमेऱ्यांना दिवा," असं छाया येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचा सोडला आणि दोन्ही भिंगं उजेडात धरली. वरचं आरशासारखं लख्ख होतं. खालच्यात मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती.

कोंडाजींना सलाउद्दीनभाईंची दया आली. बिचारे वरून बघतात, वरचंच पुसतात. खाली काय झालंय, त्यांना दिसणार कसं? फोटो धूसर येतात ते उगाच नाही. आणि एवढ्या घाणीतून जर असे चेहरे उमटत असतील, तर भिंग स्वच्छ झाल्यावर छायाचा फोटो कसा येईल?

पण काही करायचं नाही, असं बजावलं होतं. ते दोन दिवस घुटमळले. आपल्या हातून दुसऱ्याची वस्तू बिघडली तर? आयुष्यात आपल्याला नीट आलं तरी काय? उत्तर एकच होतं, भिंग साफ करणं. चारचौघांत बोलताना थरथरणारे त्यांचे हात त्या कामात कधी थरथरले नव्हते.

छायाने त्यांना स्पिरिटची बाटली घेऊन बसलेलं पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"बाबा, नवरा मला भिंगातून बघणार आहे का?"

"आधी भिंगातूनच बघतो, बाई," कोंडाजी म्हणाले आणि त्यांनी खालच्या भिंगाभोवतीची कडी फिरवून सैल केली.

दुपार कशी गेली, कळलं नाही. शेवटचं जाळं निघालं तेव्हा त्यांनी भिंग खिडकीकडे धरलं. एक ओरखडा नव्हता. त्यांचा जीव भांड्यात पडला. कॅमेरा पुन्हा जोडून त्यांनी तो माठाशेजारी नव्हे, आपल्या कपाटात, दिव्याच्या उबेत ठेवला. सलाउद्दीनभाई येणार त्या दिवशी तेवढा पंचा भिजवून वरून गुंडाळला. सांगायचं ते फोटो बघितल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं.

कॅमेरा परत मिळाल्यावर सलाउद्दीनभाईंनी स्टुडिओत छायाला खुर्चीवर बसवलं, हनुवटी जरा वर घ्यायला लावली, वरच्या भिंगातून बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बापलेक फोटो घ्यायला गेले. जिन्यात दोन आया आपापल्या मुलींना घेऊन बसल्या होत्या. सलाउद्दीनभाईंनी फोटो टेबलावर ठेवला.

पदराच्या पिनेचा डोळा दिसत होता. भुवईतला केस न् केस मोजून घ्यावा. गालांवरचा प्रत्येक व्रण आपल्या जागी होता. एवढा स्वच्छ फोटो कोंडाजींनी जन्मात पाहिला नव्हता, आणि क्षणभर त्यांना त्या स्वच्छपणाखेरीज दुसरं काही दिसलंच नाही.

छायाने फोटो उचलला, बराच वेळ बघितला आणि पाकिटात घातला. "हाच पाठवा, बाबा. घरी आल्यावर दचकणार तरी नाहीत."

"मास्तर," सलाउद्दीनभाईंनी हळूच विचारलं, "खालचं भिंग उघडलं होतं?"

याच प्रश्नाची कोंडाजी वाट बघत होते. लाजत, अडखळत त्यांनी सगळं सांगितलं: बुरशी केवढी होती, कुठवर गेली होती, कशी काढली. आता एक कणही उरला नाही, असंही सांगितलं.

सलाउद्दीनभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पंचा स्टुडिओच्या कोपऱ्यातल्या माठातल्या पाण्यात बुडवला, पिळला, कॅमेऱ्याभोवती नीट गुंडाळला आणि कॅमेरा माठाशेजारी त्याच्या जागेवर ठेवला. दारात जाऊन ते जिन्यातल्या बायकांना म्हणाले, "आता दोन पावसाळे झाल्यावर या."