टाकीमागची वायर

तिनं काळी टेप सोलली आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा, हे काय करून ठेवलंत?"

मामाच्या गच्चीला गळती लागली होती. दुरुस्तीआधी जुन्या वायरी उतरवायला त्यानं भाचीलाच बोलावलं. घरची केबलवाली असताना बाहेरचा माणूस कशाला? पाण्याच्या टाकीमागून टीव्हीची ही एक जुनी वायर निघाली. टोकाला हातानं पिळून बसवायचा साधा कनेक्टर. घरातला! टीव्हीच्या मागे लावायचा, आणि तो लावला होता उघड्या गच्चीवर. आतली तांब्याची तार पार हिरवी पडली होती.

यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण दोन वर्षांपूर्वी गेलेले तिचे बाबा या बाबतीत महाकर्मठ. त्यांच्या केबलच्या दुकानात कनेक्टरचे दोन डबे. एकात पिळायचे, घरातले. दुसऱ्यात यंत्रानं दाबून बसवायचे, रबरी रिंगवाले, पाणी आत शिरू न देणारे, गच्चीवरचे. डब्यांची सरमिसळ झाली की त्या दिवशी कुणाची धडगत नसे. मामा त्यांना तोंडावर 'रिंगवाले भाऊजी' म्हणायचा. शिकत असताना तिनं एकदा, अगदी एकदाच, गच्चीवर घरातला कनेक्टर लावला होता. बाबांनी भर उन्हात चार मजले पुन्हा चढायला लावलं आणि वर दोन दिवस अबोला धरला.

त्या दोन दिवसांच्या जोरावर तिनं आजवर काम केलं होतं. गच्चीवर कितीही कंटाळा आला तरी बाबांचा तो गप्प चेहरा आठवायचा आणि हात आपोआप रिंगवाल्याकडे जायचा. आणि स्वतः मात्र सासुरवाडीच्या गच्चीवर हे दिवे लावलेत! टेपही त्यांचीच. शेवटचं टोक आत दुमडलेलं, पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून. तिला राग आला, रडूही आलं. आता कुणाच्या धाकानं नीट काम करायचं?

तशीच तणतणत ती खाली आली. आई मामाच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. लेकीनं वायरीचं टोक तिच्यापुढे टाकलं.

"बघ, तुझ्या नवऱ्याची करामत. माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि हे!"

आईनं टोक उचललं, चष्म्यातून निरखलं आणि लाजली. साठीची बाई, चक्क लाजली.

"त्यांना नको बोलूस गं. त्यांनी रिंगवालाच लावला होता. मी कात्रीनं कापून हा पिळला."

"तू?"

"मग काय करू? त्यांचं काम इतकं चोख की एकदा येऊन गेले की पुन्हा यायला कारणच नाही. तेव्हा आमचं लग्न कुठे ठरलं होतं? निळा शर्ट, खांद्याला पिशवी, मान खाली घालून जिना चढायचे. एकदाच पाहिलं होतं मी. मग कपडे वाळत घालायला म्हणून वर गेले आणि केलं. दोन-चार आठवड्यांत दव आत शिरलं, टीव्हीवर मुंग्या आल्या, तुझ्या आजोबांनी तक्रार केली की स्वारी हजर! असं सहा वेळा. लग्न ठरलं त्या आठवड्यात त्यांनी नवी वायर ओढली, ही राहिली टाकीमागे."

लेकीनं खुर्ची पुढे ओढली. "आणि टेपचं टोक?"

"तेही मी बघून बघून शिकले. आजोबांना संशय यायला नको ना!"

"पण कनेक्टर कुठून आणायचीस?"

"पहिला त्यांच्याच हातून पडला होता, कपाटाखाली सापडला."

"आई, अगं टेप सोडल्याबरोबर त्यांना दिसलं असणार! बाबांना! काहीच बोलले नाहीत?"

आईनं हातातली हिरवी तार पदरानं पुसली.

"पहिल्याच तक्रारीला दिसलं. खाली येऊन माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आता मेले! एक शब्द बोलले नाहीत गं. नुसते जाताना घरातले मूठभर कनेक्टर टीव्हीवर ठेवून गेले."