डोईवरची शीर

वस्तऱ्याचा शेवटचा हात फिरला. लिंबाजी न्हाव्यानं ओल्या फडक्यानं बाळाची डोई पुसली आणि त्याचा हात तिथंच थांबला. डाव्या कानशिलापासून टाळूपर्यंत एक जाड निळी शीर वर चढली होती. जावळाखाली अकरा महिने ती कुणाला दिसली नव्हती. मामाच्या मांडीवर बाळ रडून लालबुंद झालं होतं आणि ते जसजसं रडे तसतशी शीर फुगत होती.

सत्तावन्न सालचा माघ होता. ईटच्या शिवारात, बलभीमरावाच्या मळ्यातल्या लिंबाखाली, नातवाच्या जावळाला जमलेली माणसं माना उंचावून बघू लागली.

"ह्ये काय रं लिंबाजी?" बाळाची आजी धुरपदाबाई पुढं आली. वाकून बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "बया गं!"

"शीर हाय आक्का. दुसरं काय न्हाय."

तिला ते ऐकूच गेलं नाही. गर्दीतून सारजाबाई पुढं झाली. गावातल्या लेकरांना पोटावर, पाठीवर डाग देणारी बाई ती. "टाळूला भिडलीया," ती म्हणाली. "आत्ताच डागाय पायजे. न्हायतर आकडी येती पोराला." नैवेद्य शिजत होता त्या चुलीत तिनं लांब सुई खोवलीसुद्धा.

बाळाच्या आईनं, कमलबाईनं, भावाच्या मांडीवरनं बाळ ओढून घेतलं. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, नगं. लई ल्हान हाय त्ये. भूमला सरकारी डाक्टर हाय, तिकडं दावू."

"तू गप. तुला काय कळतंय? माजी दोन गेली आकडीनं. ह्या हातावर गेली." धुरपदाबाईनं दोन्ही तळवे सुनेपुढं धरले. "लिंबाजी, पाय धर लेकराचं."

लिंबाजीनं वस्तरा मिटला.

"म्या न्हाय धरणार."

"का? आजपातूर तूच धरत आलायस."

"म्हणूनच. वस्तीवरच्या त्या पोरीचं बी म्याच धरलं हुतं, गेल्या साली. डाग चिघळला. आठ दिसांत गेली. तिची बी निस्ती शीरच हुती आक्का. म्या डोई करताना बोटानं दाबून बघितली हुती, मला ठावं हुतं. पर न्हाव्यानं काय बोलावं, म्हणून बोललो न्हाय."

चुलीत लाकूड तडकलं.

"तीस वरसं झाली गावच्या डोया करतोय," लिंबाजी म्हणाला. "कुणाची शीर मधनं जाती, कुणाची कडंनं. कुणाला दिसतच न्हाय. एकासारखी दुसऱ्याची न्हाय. चांगली धडधाकट माणसं हायती सगळी." मग तो वळला. बाजेवर बसलेल्या बलभीमरावासमोर जाऊन उभा राहिला आणि हात जोडले.

"आबा, पटका काढा."

माणसांत कुजबुज झाली. बलभीमराव उघड्या डोक्यानं चारचौघांत आलेला कुणी बघितला नव्हता. लिंबाजी दर पंधरवड्याला परसात, दार लोटून, त्याची डोई करी. बलभीमरावाचे डोळे बारीक झाले. "बायामाणसांत?" तो हळूच म्हणाला.

"व्हय आबा."

म्हाताऱ्यानं चुलीकडं बघितलं. सुईचं टोक लाल झालं होतं. सुनेनं बाळाचं डोकं पदराखाली झाकून धरलं होतं. मग तो पटका उतरवू लागला. एकेक पीळ सुटत गेला आणि मांडीवर कापडाचा ढीग झाला.

उजव्या अंगानं, कपाळापासून पार मागंपर्यंत, नातवाच्या शिरेपेक्षा जाड शीर गेली होती. मधेच तिला दोन फाटे फुटले होते. लिंबाजीनं त्यावर बोट दाबलं. शीर बसली. बोट उचललं, ती पुन्हा भरली.

"साठ वरसाचं डोस्कं हाय ह्ये," तो म्हणाला. "आबा, आकडी आली का कवा?"

"न्हाय बा."

बाळ आईच्या छातीशी लागून शांत झालं होतं. कमलबाईनं भीत भीत पदर बाजूला केला. फुगलेली शीर उतरली होती. आता तिची नुसती निळसर रेघ उरली होती.

धुरपदाबाई नातवाकडं बघत उभी राहिली. मग नवऱ्याकडं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं हे डोकं असं उजेडात कधी बघितलं नव्हतं.

"सारजे," ती म्हणाली, "काढ ती सुई चुलीतनं. पाण्यात इझीव."

आणि ती बाजेपाशी गेली. जमलेल्या माणसांकडं तिनं बघितलं नाही. दोन बोटं त्या शिरेवर अलगद ठेवली.

"दुखती का हो?"

"न्हाय," बलभीमराव म्हणाला. पटका उचलायला गेलेला हात त्यानं तसाच मांडीवर राहू दिला.