छत्तिसावा फोटो

"पोरीचा फोटू पायजे," दानम्मा काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाली. "येवढा. देवळीत बसंल असा."

"जुना फोटो आणा, मोठा करून देतो," बाळासो मान वर न करता म्हणाला. स्टुडिओत दिवसातनं चारदा बोलायचं वाक्य ते.

"जुना असता तर तुमच्याकडं कशाला आलो असतो, अण्णा? शाळंत वर्गाचा फोटू काढला, तवा नेमकी तापानं फणफणलीती. मला फोटूत घेतलं न्हाई म्हणून मग दोन दिवस जेवली न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "शिवलीला नाव तिचं. खणीत बुडाली बघा गेल्या मार्गशीर्षात. धुण्याच्या बाया म्हणत्यात, एक कॅमेरावाला रोज दुपारी पाण्याचं फोटू काढत बसायचा तिथं. इचारत इचारत आलो. तुमीच न्हवं ते?"

बाळासोनं आता मान वर केली. नाही म्हणायला काय जात होतं? कोल्हापुरात कॅमेरावाले काय थोडे होते? पण तोंडातनं "व्हय" निघून गेलं, आणि निघालेला शब्द काही गिळता येत नाही.

"मग बघा की! एकांद्या फोटूत तर घावंल."

ती बाकावर बसली. तिच्या डोक्यावर, सत्त्याण्णव सालच्या कॅलेंडरशेजारी, बाळासोचा नावाजलेला फोटो टांगला होता. काळंभोर पाणी आणि त्यावर एकात एक उमटत गेलेली वलयं. पुण्याच्या स्पर्धेत पहिला आलेला. पेठेतली माणसं मुद्दाम बघायला यायची आणि बाळासोची पाठ थोपटून जायची. टांगला त्या दिवसापासून तो स्वतः मात्र तिकडं बघत नव्हता. उतरवावा तर लोक विचारणार, का हो उतरवलात?

आतल्या खोलीत जाऊन त्यानं कडी घातली. निगेटिव्ह शोधावं लागलं नाही. कुठल्या पाकिटात आहे ते त्याला झोपेतही ठाऊक होतं. रोलमधलं शेवटचं, छत्तिसावं. छापायचं धाडस तेवढं आजवर झालं नव्हतं.

त्या दुपारी खणीवर, पाणी साठलेल्या त्या जुन्या दगडखाणीवर, चिटपाखरू नव्हतं. तो डोळा कॅमेऱ्याला लावून पलीकडच्या कड्याचं प्रतिबिंब टिपत होता. मध्येच त्या प्रतिबिंबात समोरच्या पायऱ्यांवरची एक पोर आली. फ्रॉक घातलेली, डोकं खाली, पाय वर. बाळासो वैतागला. पाण्यावरची नजर न काढता त्यानं हात हलवला, सरक बाजूला म्हणून. पोर सरकली नाही, आणखी एक पायरी खाली उतरली. मरू दे, रोल संपवायचाच आहे, असं म्हणून त्यानं बटण दाबलं आणि पाठ फिरवून झाडाच्या सावलीत नवा रोल भरायला बसला. मागं डुबुक झालं. ऐकलं होतं त्यानं! पोरीनं जाता जाता दगड टाकला म्हणून खूशसुद्धा झाला होता. वळून बघितलं तर पायऱ्यांवर कुणी नव्हतं, आणि पाण्यावर वलयं अशी देखणी की धावत जाऊन त्यानं पहिला फोटो मारला. दुसऱ्या दिवशी पेपर हातात आला तेव्हा कळलं.

त्यानं निगेटिव्ह फिरवून बसवलं, म्हणजे पोर सरळ उभी राहील. कागदावर उजेड पाडला आणि तो औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. लाल दिव्यात आधी फ्रॉक वर आला, मग हात, मग चेहरा. ती थेट त्याच्याकडं बघून हसत होती. एक हात शाळेत उभं करतात तसा अंगाला चिकटवलेला, दुसऱ्यानं केस कानामागं सारलेले. पोर फोटोसाठी उभी राहिली होती. तो सरक म्हणाला होता, तिला वाटलं, पुढं ये म्हणाला.

बाळासोच्या हातातला चिमटा सुटला. ट्रेमध्ये वलयं उठली आणि तिच्या तोंडावरनं कडेपर्यंत गेली.

फोटो पक्का करून, धुऊन, ओलाच काचेवर ठेवून त्यानं बाहेर आणला. दानम्मानं काच दोन्ही हातांत धरली आणि उजेडाकडं वळवली.

"हसतीया की!" ती म्हणाली. "येणी मीच घातलती त्या दिवशी. अण्णा, हुबी ऱ्हा म्हणून तुमी सांगितलासा व्हय तिला?"

"हात केलता." बाळासो म्हणाला.

"लई पुण्य लागंल तुमास्नी. जाता जाता तर पोरीची हौस फिटली." फोटो मांडीवर ठेवून तिनं हात जोडले.

ते मात्र बाळासोला सोसेना. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जायला उठली तशी तिची नजर भिंतीवर गेली. "आन ह्ये बी तिथलंच पाणी व्हय? किती ग्वाड दिसतंय. कवा काढलासा?"

रंकाळ्यावरचा आहे म्हटलं असतं तर ती निघून गेली असती. पोरीला देवळीत ठेवून रोज त्याला दुवा देत बसली असती.

"तुमच्या हातातला रोलमधला शेवटचा," बाळासो म्हणाला. "त्यानंतर रोल बदलला. हा त्याच्या पुढचा."

दानम्मानं हातातल्या फोटोकडं बघितलं, मग भिंतीकडं. फोटो छातीशी धरून ती भिंतीजवळ गेली आणि चवड्यांवर उभी राहिली. काचेवर, सगळ्या वलयांच्या मधोमध, तिनं बोट टेकवलं.

"हितं?" तिनं विचारलं.