परतीची फेरी

समजा, तुमच्याच घराचा विमानतळ झालाय. पुढचं दार म्हणजे मुंबई, पलंग म्हणजे विमान आणि स्वयंपाकाचा ओटा म्हणजे दोहा. आलं डोळ्यांसमोर? मग चला कल्याणजवळच्या मोहन्याच्या एका चाळीत. तिथे खोल्या दोनच, पण उर्वीच्या आबांनी त्यांत तीन देश बसवले होते.

उर्वी आठ वर्षांची. शनिवारी ती आईकडे डब्लिनला निघणार होती, एकटी. अशा मुलांना विमान कंपनीची एक ताई सोबत करते. दोहाला दुसरी ताई येते, हात धरून पुढच्या विमानात बसवते. कुंडलिक आबांनी हे फोनवर पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. कल्याणच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांचा जन्म गेला होता. पुढची गाडी कुठे मिळेल हे आयुष्यभर लोकांना सांगितलेलं. मग नातीला कसं सोडायचं? म्हणून दिवेलागणीला घरात तालीम व्हायची.

आबांनी तोंडासमोर पेला धरला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. दोहामार्गे डब्लिनला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे."

"गाडी नाही हो आबा, विमान! आणि फलाट नाही, गेट."

"बरं, विमान. कंडक्टरने दार लावून घ्यावं."

उर्वी खदखदून हसली आणि पलंगावर चढली. तिच्या गळ्यात कापडी पिशवी होती, आबांनी जुन्या पडद्यातून शिवलेली. आत पासपोर्ट आणि आईचा नंबर.

"ही गळ्यातून काढायची नाही," आबांनी रोजच्यासारखं बजावलं.

"माहितेय."

भिंतीवरच्या शकूआजीच्या फोटोला टाटा करून उर्वी उडाली आणि ओट्याशी उतरली. आता आबा दोहाची ताई झाले होते. खांद्यावर टॉवेल टाकून उभे.

"नाव?"

"उर्वी."

"कुठे निघालीस?"

"आईकडे."

"हात कुणाचा धरायचा?"

"जिच्या गळ्यात बिल्ला असेल तिचाच."

"शाब्बास. बस इथे. पुढचं विमान जरा उशिरा आहे."

उर्वीने कपाळावर हात मारला. "काय ताई! कालपण उशीर, परवापण उशीर. तुमचं दोहा नेहमीच लेट."

"धुकं पडलंय."

"वाळवंटात?"

 आबांनी शेंगदाण्यांची वाटी पुढे केली. दोघं ओट्याला टेकून शेंगदाणे खात बसली. वाटी रिकामी झाली तरी आबा विमान सोडेनात. शेवटी उर्वीच उठली, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. "आले डब्लिनला. आई भेटली. संपलं."

"संपलं," आबा म्हणाले.

शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. उर्वी पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

"आबा, तुम्ही म्हणता ना, गाडी सोडायच्या आधी तिची परतीची फेरी लावायची?"

"हो तर. नाहीतर गाडी तिकडेच अडकते."

"माझी मे महिन्यात. आई म्हणाली, बघू."

"मग बघू."

"आणि तुमची?"

"माझी कसली?"

"टॅक्सीवाला प्रफुल्लकाका आपल्याला सोडून तसाच पुण्याचं भाडं घेऊन जाणार आहे. मग तुम्ही घरी कसे येणार?"

माजिवड्याला गाड्या तुंबल्या तर कुठून वळायचं, हेसुद्धा आबांनी ठरवून ठेवलं होतं. हे मात्र त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांचा सगळा बेत विमानतळाच्या काचेच्या दारापाशी येऊन थांबत होता.

"येईन की. रिक्षाने घाटकोपर, तिथून ट्रेनने शहाड, मग शेअर रिक्षा."

"तोंडी नाही चालणार. करून दाखवा."

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मी केलं ना रोज? चला, बाहेर!"

उर्वीने त्यांना ढकलतच बाहेर काढलं. लॅचचं दार खटकन लागलं.

आबा गॅलरीच्या टोकापर्यंत गेले. "घाटकोपर," स्वतःशीच म्हणाले. वळले. "शहाड."

गोदामावशी दारात तांदूळ निवडत बसली होती. "काय हो, या वेळेला कुठे निघालात?"

"घरी," आबा म्हणाले.

आपल्या दाराशी आल्यावर त्यांनी सवयीने बेल वाजवली. आतून धावत येणारी पावलं ऐकू आली. ती दारापाशी आली आणि थबकली. दार मात्र उघडलं नाही.

"आबा," आतून आवाज आला, "शनिवारी मी आत नसणार ना?"

"नसणार."

"मग दार कोण उघडणार?"

 कंट्रोलरच्या खिडकीतून आबांना लोकांनी हजारो प्रश्न विचारले होते. हा कुणी विचारला नव्हता.

 आत स्टूल सरकवल्याचा आवाज झाला, दाराजवळच्या खिळ्यावर काहीतरी खणकलं, आणि दार उघडलं.

उर्वी स्टूलवर उभी होती. तिने गळ्यातली पिशवी काढली. पासपोर्ट आणि आईचा नंबर फ्रॉकच्या खिशात कोंबला. पिशवीत घराची किल्ली टाकली आणि ती आबांच्या गळ्यात घातली.

"ही गळ्यातून काढायची नाही," ती म्हणाली. मग खाली उतरली, स्टूल आत ओढलं आणि दार पुन्हा लावून घेतलं.