सोडलेला राग

आषाढी एकादशीला द्वारकाबाईंनी चातुर्मासाचा नेम धरला. दरवर्षी त्या कारली सोडत, कारण कारली त्यांना आवडतच नसत. यंदा त्यांनी राग सोडला. नेम बोलून दाखवायचा नसतो, म्हणून शेजारी राहणाऱ्या धाकट्या जावेलाही सांगितलं नाही. या मथूशी त्यांची चाळीस वर्षं रोज खडाजंगी होत आली होती.

श्रावणात मथूने कुंपणावरची जास्वंद छाटली. द्वारकाबाई गप्प राहिल्या. भाद्रपदात तिने मोदकांना नावं ठेवली. द्वारकाबाई नुसत्या हसल्या. आश्विनात आभाळासारखं आपलं मनही निवळलं, असं त्यांना वाटू लागलं. मथू हल्ली फिरकत नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तुळशीचं लग्न लागलं आणि नेम सोडायची वेळ आली. सोडलेली वस्तू आधी दान करायची, मगच तोंडात घालायची, अशी रीत. राग दान कसा करतात, हे विचारायला त्या मथूच्या घरी गेल्या. मथू ट्रंक भरत होती.

"कुठे गं निघालीस?"

"लेकीकडे, कायमची. चार महिने तुम्ही मला साधं टाकून बोलला नाहीत, आक्का. तुमच्या मनातून उतरलेच ना मी?"

कार्तिकातली थंडी द्वारकाबाईंना एकदम झोंबली.

"ठेव ती ट्रंक खाली, मेले! माझी जास्वंद कोण भरून देणार?"

मथूने डोळे पुसले आणि दान पावल्यासारखी ती पदर खोचून उभी राहिली.

"जास्वंद कसली? काटक्याच होत्या त्या!"