निरीक्षण

सत्त्याऐंशी साली मुलुंडच्या डॉक्टरांच्या सभेत धोंडू परब आणि माणिक वैद्य यांना मोठ्या मनाने दहा मिनिटं देण्यात आली. दोघेही एकेकाळचे पक्के दारुडे, आता इतरांना दारू सोडायला मदत करायचे.

"दर गुरुवारी आम्ही शाळेच्या वर्गात जमतो, एकमेकांना सांभाळतो. औषधं तुमचीच चालू द्या, फक्त पेशंटला आमचा पत्ता सांगा," धोंडू म्हणाला.

अध्यक्ष डॉ. सबनीस हसले. "दारुड्यांनी दारुड्यांना सुधारायचं? मग आम्ही कशाला शिकलो? आणि माझे पेशंट चांगल्या घरचे आहेत हो!"

टाळ्या पडल्या. वैद्यकशास्त्राची लाज राखली गेली.

पुढच्या गुरुवारी डॉ. सबनीस स्वतःच वर्गाच्या दारात उभे. तोंडाला दारूचा वास येत होता.

"मी फक्त निरीक्षणाला आलोय," त्यांनी बजावलं.

"बसा ना, डॉक्टर," धोंडू म्हणाला. "मी पण पहिल्यांदा निरीक्षणालाच आलो होतो."



डॉक्टरांची दारू सुटून आता दोन वर्षं झाली. निरीक्षण मात्र अजून चालूच आहे.